घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत तारामासा ठेवावा का, आणि ठेवायचा झाल्यास कोणता?

मीठपाणी_पुणे

नमस्कार.

माझ्याकडे २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी असून तिला आता वर्ष होत आले आहे. पाणी आरओचे आहे आणि सागरी टाक्यांसाठी मिळणारे तयार मीठ मी वापरतो. कोरडे दगड रचून आणि साधारण दोन इंच वाळू घालून टाकी उभी केली होती. आता दगडांवर गुलाबी-जांभळा थर चढला आहे आणि काचेच्या कडेने पाहिले तर वाळूत बारीक किडे फिरताना दिसतात. क्लाऊनफिशची एक जोडी, पिवळ्या शेपटीचा एक डॅमसेल, काही टर्बो गोगलगाई आणि दोन शंखवासी खेकडे एवढीच वस्ती आहे. प्रवाळ ठेवलेले नाहीत. विशिष्ट गुरुत्व (पाण्यातील मिठाचे प्रमाण दाखवणारा आकडा) १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया व नायट्राइट शून्य आणि नायट्रेट १० पीपीएमच्या आसपास, अशी पाण्याची स्थिती आहे.

घरातल्या सर्वांनाच तारामासा हवा आहे. दुकानात तीन प्रकार पाहिले. एक गडद निळा आणि लांब बाहूंचा, दुसरा फिकट रंगाचा आणि पाठीवर तपकिरी टोके असलेला, तर तिसरा कडेने काटे असलेला आणि वाळूत घुसून राहणारा. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे तिघेही शेवाळ खातात आणि त्यांना वेगळे काही घालावे लागत नाही. वाचनात मात्र असे वारंवार येते की तारामासे घरच्या टाकीत काही महिन्यांतच दगावतात. यांपैकी कोणता प्रकार माझ्या टाकीत खरोखर जगेल, त्याला काय खायला द्यावे आणि घरी आणल्यावर पाण्यात कसा सोडावा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

दर्याकाठ

नमस्कार. घेण्याआधी विचारलेत हे फार चांगले केले, कारण तारामाशाच्या बाबतीत चुकीची निवड पुढे दुरुस्त करता येत नाही.

दुकानदाराचे म्हणणे तिन्ही प्रकारांना लागू पडत नाही. तारामासा विकत घेताना मी एकच प्रश्न महत्त्वाचा मानतो: सहा महिन्यांनी हा प्राणी काय खात असेल? घरच्या टाकीत तारामासे मरतात ते बहुधा उपासमारीने, आणि ही उपासमार इतकी संथ असते की पाहणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. मासा उपाशी राहिला तर त्याचे पोट खपाटीला जाते आणि ते दिसते. तारामाशाचे अंग चुन्याच्या पट्टिकांनी घट्ट असल्यामुळे आतून तो पोखरला जात असताना बाहेरून बराच काळ तसाच दिसतो. मग एखाद्या दिवशी बाहूवर पांढरा चट्टा उठतो, बाहूचे टोक विरघळू लागते आणि दोन-तीन दिवसांत सारे संपते. तेव्हा लोक पाण्याची चाचणी करतात आणि आकडे बरोबर आले की बुचकळ्यात पडतात.

निळा तारामासा म्हणजे लिंकिया लेव्हिगेटा. हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळखडकांवर तो राहतो. तळ्याकाठच्या दगडावर बुळबुळ धरावी तसा सूक्ष्मजीवांचा पातळ थर समुद्रातल्या दगडांवर असतो, आणि तो थर व सेंद्रिय कण चाटत हा प्राणी मोठ्या परिसरात फिरत राहतो. आपण घातलेला कोळंबीचा तुकडा तो सहसा घेत नाही. तुमच्या टाकीतील दगडांवरचा असा सगळा थर तो काही आठवड्यांत संपवेल आणि नवा थर तितक्या वेगाने तयार होणार नाही. शिवाय पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात तो आधीच खचलेला असतो. २०० लिटरच्या टाकीसाठी मी तो कोणालाही सुचवणार नाही.

वाळूत घुसणारा तो ॲस्ट्रोपेक्टेन. हा शेवाळ खातच नाही. वाळूतले बारीक शिंपले, गोगलगाई आणि किडे तो अख्खे गिळतो. तुम्हाला काचेच्या कडेने जे किडे दिसतात, ज्यांच्यामुळे तुमची वाळू जिवंत आणि स्वच्छ राहिली आहे, त्यांचाच तो फडशा पाडेल. वाळू रिकामी झाली की तो उपाशी मरेल, आणि वाळूखाली मेला तर दोन दिवस कळणारही नाही. दोन इंच वाळूच्या टाकीत त्याला ठेवणे त्याच्यावर आणि टाकीवर, दोघांवर अन्याय आहे.

उरला तपकिरी टोकांचा, प्रोटोरिॲस्टर नोडोसस, ज्याला दुकानात चॉकलेट चिप म्हणतात. हा मांसाहारी आहे, उथळ वाळूच्या आणि समुद्रगवताच्या प्रदेशात राहतो आणि हाताने दिलेले अन्न आनंदाने खातो. म्हणजे त्याचे पोट भरणे आपल्या हातात आहे, आणि म्हणूनच तिघांत तोच जगण्याची शक्यता जास्त. प्रवाळ, स्पंज, समुद्रफुले असे एका जागी बसलेले प्राणी तो खातो, त्यामुळे प्रवाळांच्या टाकीत तो चालत नाही. तुमच्याकडे प्रवाळ नाहीत, ही त्याच्यासाठी जमेची बाजू. मात्र एखादी मंद टर्बो गोगलगाय त्याच्या तावडीत सापडू शकते, हे गृहीत धरा. समुद्रात तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, तेव्हा तळहातापेक्षा लहान असतानाच घ्यावा आणि पुढे मोठ्या टाकीची तयारी ठेवावी.

या तिघांव्यतिरिक्त एक पर्याय आहे आणि माझी पहिली पसंती त्यालाच असेल. सर्पतारे आणि ठिसूळतारे हे तारामाशांचे वेगळ्या वर्गातले नातेवाईक आहेत. मधोमध नाण्याएवढी चकती आणि तिला सापाच्या शेपटीसारखे पाच लवचीक बाहू अशी त्यांची ठेवण असते. माशांचे उरलेसुरले खाणे, तळाशी पडलेले दाणे, मेलेली गोगलगाय, सगळे ते खातात. दिवसा दगडाखाली दडून बसतात. पण पाण्यात कोळंबीचा वास पसरताच एकेक बाहू कपारीतून बाहेर येतो, वाळू चाचपत पुढे सरकतो आणि तुकडा सापडला की त्याभोवती वेटोळे घालून तो आत ओढून नेतो. घरातल्या मुलांना हे पाहायला निळ्या ताऱ्यापेक्षा जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे. तपकिरी किंवा पट्टेदार सर्पतारा, उदाहरणार्थ ऑफिओलेपिस सुपर्बा, मिळाला तर उत्तम. हिरवा ठिसूळतारा, म्हणजे ऑफिअराक्ना इनक्रासाटा, मात्र टाळा. तो मोठा झाल्यावर रात्री बाहूंवर उंच उभा राहून खाली शिरणाऱ्या लहान माशाला पकडतो. तुमचे क्लाऊनफिश तळाशी झोपत असतील तर ते धोक्यात येतील.

ठाणेकर_टाकी

दर्याकाठ यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण निळ्या ताऱ्याबद्दल थोडी वेगळी बाजू मांडतो. माझ्या परिचयातील एका गृहस्थांकडे निळा लिंकिया वर्षानुवर्षे जगला आहे. त्यांची टाकी हजार लिटरहून मोठी आणि बरीच जुनी असून तिच्यात दगडांची प्रचंड रास आहे, आणि मागच्या बाजूची काच ते कधीही घासत नाहीत. त्यामुळे हा प्राणी घरी जगूच शकत नाही, असे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. टाकी मोठी, जुनी आणि दगडांनी भरलेली असेल, तर जगतो.

लिंकिया घ्यायचाच असेल तर त्याची खालची बाजू काचेतून नीट पाहावी. थायका क्रिस्टॅलिना नावाची एक परजीवी गोगलगाय त्याच्या अंगाला चिकटून त्याच्यावरच जगते. तिचा रंग ताऱ्याच्या रंगाशी इतका मिळताजुळता असतो की लहानसा फुगवटा समजून ती सहज नजरेतून सुटते.

दर्याकाठ

मोठ्या आणि जुन्या टाकीचे उदाहरण मला मान्य आहे. परंतु प्रश्न २०० लिटरच्या आणि जेमतेम वर्षाच्या टाकीचा आहे, आणि दुकानात निळा तारा घेणारे दहापैकी नऊ जण याच अवस्थेत असतात. त्यांच्यासमोर अपवाद ठेवला की तोच नियम वाटू लागतो. म्हणून मी या बाबतीत सरळ नकार देतो आणि तो यापुढेही देईन.

नलिकापाद

निवडीबद्दल वर चांगली चर्चा झाली आहे, म्हणून मी पाण्यात सोडण्याच्या पद्धतीबद्दल लिहितो. उपासमारीने मरायला महिने लागतात, पण क्षारतेच्या धक्क्याने तारामासा दोन दिवसांतही मरतो.

याचे कारण त्याच्या शरीररचनेत आहे. कंटकचर्मी प्राण्यांच्या, म्हणजे तारामासे ज्या गटात मोडतात त्यांच्या, अंगात रक्ताच्या जागी जवळजवळ समुद्राच्याच पाण्यावर चालणारी नलिकांची व्यवस्था असते. काचेवर चढलेल्या तारामाशाची खालची बाजू पाहिली तर प्रत्येक बाहूच्या मधोमध एक खाच आणि तिच्यात दाटीने हलणारे शेकडो पारदर्शक नलिकापाद दिसतात. प्रत्येक नलिकापाद आतल्या पाण्याच्या दाबाने लांब होतो, काचेला टेकतो, चिकटतो, आखडतो आणि सुटतो. हा प्राणी आपल्या अंगातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापासून वेगळे राखू शकत नाही. माशाचे मूत्रपिंड आणि कल्ले हे काम करतात, पण तारामाशाकडे तशी सोयच नाही. बाहेरच्या पाण्याची क्षारता एकदम बदलली की त्याच्या पेशींमध्ये पाणी शिरते किंवा त्यांतून बाहेर जाते, आणि ही इजा लगेच न दिसता नंतर चट्ट्यांच्या रूपाने उमटते.

आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत मिठाचा खर्च वाचवण्यासाठी आणि माशांवरील परजीवी कमी राहावेत म्हणून पाणी १.०२० किंवा त्याहूनही कमी विशिष्ट गुरुत्वावर ठेवलेले असते. तुमच्याकडे १.०२५ आहे. पिशवी अर्धा तास तरंगत ठेवून मासे सोडतो तसे तारामाशाला सोडले, तर हा फरक त्याला झेपणार नाही. त्यामुळे आधी पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजा. हेलकावणाऱ्या काट्याच्या हायड्रोमीटरवर फारसा विश्वास ठेवू नका. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून क्षारता सांगणारे उपकरण, वापरा आणि तोही ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मिठाच्या) प्रमाणित द्रावणाने जुळवून घ्या.

टाकीचे पाणी थेंबाथेंबाने मिसळून प्राण्याला सवय करून देण्याच्या थेंबपद्धतीसाठी औषधांच्या दुकानात मिळणारा नवा, कोरा सलाईनचा सेट फार सोयीचा पडतो, कारण त्याच्या चाकाने थेंबांचा वेग हवा तसा ठेवता येतो. सुई काढून टाका. स्वच्छ बादलीत पिशवीतले पाणी प्राण्यासह अलगद ओता आणि टाकीचे पाणी नळीने त्यात थेंब-थेंब सोडा. या सेटमधून साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते, म्हणजे सेकंदाला ३ थेंब पडले तर तासाला अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी जाते. पिशवीत १ लिटर पाणी असेल तर ते दुप्पट व्हायला जवळपास दोन तास लागतील. मग निम्मे पाणी काढून टाका आणि पुन्हा तेवढेच थेंबांनी भरा. क्षारतेत मोठा फरक असेल तर असे तीन वेळा करा आणि पाच-सहा तास हाताशी ठेवूनच हे काम सुरू करा. खोली गार असेल तर बादलीत छोटा हिटर ठेवावा. दोन्हीकडचे आकडे जुळल्यावर प्राण्याला बादलीतल्या पाण्यातच एका भांड्यात घ्या आणि ते भांडे टाकीत बुडवून त्याला बाहेर सरकू द्या. त्याला हवेत उचलू नका. नलिकापाद चिकटलेले असताना ओढूनही काढू नका, कारण ते तुटतात.

आणखी एक गोष्ट विचारायची राहिली आहे. माशांवर पांढरे ठिपके येतात त्या रोगावर या टाकीत कधी तांब्याचे औषध घातले होते का? तांबे तारामाशाला, गोगलगाईला आणि कोळंबीला विषारी आहे, आणि दगड-वाळूत शोषले गेलेले तांबे पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. तुमच्या गोगलगाई धडधाकट आहेत त्या अर्थी बहुधा घातले नसेल. यापुढेही माशांवर उपचार करायचे झाल्यास ते वेगळ्या टाकीतच करावेत.

मीठपाणी_पुणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तांब्याचे औषध या टाकीत कधीही घातलेले नाही. निळा आणि वाळूतला, दोन्ही विचार सोडून दिले. सर्पताऱ्यासाठी दुकानदाराला सांगून ठेवतो, आणि तो न मिळाल्यास लहान चॉकलेट चिप घेईन.

दोन शंका उरल्या आहेत. आमचे नातेवाईक गुहागरला राहतात आणि तिथल्या किनाऱ्यावर ओहोटीला तारामासे सहज दिसतात असे ते सांगतात. तिथून एखादा आणला तर दुकानाच्या साखळीतला त्रास तरी वाचेल का? आणि दुसरी शंका उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत माझ्या टाकीचे पाणी ३० अंशांच्या वर जाते. चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, सध्या परवडणारा नाही.

झाडगाव

मी रत्नागिरीचा. किनाऱ्यावरून आणण्याबद्दल मी लिहितो.

कोकणातल्या वाळूच्या किनाऱ्यांवर ओहोटीला जो तारामासा दिसतो तो बहुतेक वेळा ॲस्ट्रोपेक्टेनच असतो, म्हणजे वर ज्याला नकार दिला तोच. ओल्या वाळूवर ताऱ्याच्या आकाराचा ठसा दिसतो, आणि ठशाखाली बोटभर खोल तो स्वतः असतो. त्याच्या नलिकापादांना चिकटणाऱ्या चकत्या नसून ते टोकदार असतात. वाळू उकरायला ते उत्तम, पण काचेवर चढायला निरुपयोगी. म्हणजे तुमच्या टाकीत तो दिसणारही नाही. आमच्या किनाऱ्यावर त्याला लहान शिंपल्यांची मैलोन् मैल पसरलेली वाळू मिळते. ते अन्न दोन इंच वाळूत कोणीही निर्माण करू शकत नाही.

खडकाळ भागात दगडांच्या खालच्या बाजूला नखाएवढे ॲस्टेरिना जातीचे तारे सापडतात, पण त्यासाठी दगड उलटावे लागतात. ते पुन्हा जागच्या जागी ठेवले नाहीत तर खालचे सगळे जीव उन्हात मरतात. पाहायला या, मनसोक्त पाहा, फोटो काढा आणि तिथेच राहू द्या, अशी कळकळीची विनंती आहे. मुंबईच्या बाजूला असाल तर मरीन लाइफ ऑफ मुंबई हा गट २०१७ पासून ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरच्या फेऱ्या आयोजित करतो. मुलांना घेऊन जरूर जावे.

जाता जाता कायद्याबद्दल. किनाऱ्यावरून किंवा दुकानातून प्रवाळ, समुद्री पंखा, समुद्री काकडी किंवा समुद्री घोडा घरी आणू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार हे जीव संरक्षित आहेत, आणि प्रवाळाचे मृत सांगाडे म्हणजे ‘लाईव्ह रॉक’ म्हणून विकले जाणारे दगडही त्यातच येतात. आपण कोरडे कृत्रिम दगड वापरले असतील तर ती योग्य निवड आहे.

दर्याकाठ

उन्हाळ्याबद्दल. पुण्याची एप्रिल-मे महिन्यांतली हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत पंखा चांगले काम करतो. टाकीचे झाकण काढून जाळी बसवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका वारा जाईल असे एक-दोन छोटे पंखे लावा. पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. हाच उपाय मुंबईच्या दमट हवेत निम्म्यानेही चालत नाही. दिवे दुपारऐवजी संध्याकाळी लावा. टाकी पश्चिमेच्या खिडकीजवळ असेल तर पडदा हवाच.

मात्र पंखा म्हणजे बाष्पीभवन, आणि तारामाशाच्या दृष्टीने खरी अडचण तिथे सुरू होते. उडून जाते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. २०० लिटर पाण्यात ३५ पीपीटी क्षारतेला ७ किलो मीठ असते. पंख्यामुळे रोज ३ लिटर पाणी उडाले आणि तुम्ही तीन दिवस गावाला गेलात, तर तेच ७ किलो मीठ १९१ लिटरमध्ये राहते आणि क्षारता साडेछत्तीसच्या वर जाते. परत आल्यावर एकदम ९ लिटर गोडे पाणी ओतले की उलटा धक्का बसतो. दोन्ही गोष्टी त्याला घातक आहेत. म्हणून काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आरओचे साधे पाणी हळूहळू घालून ती राखा. शक्य असेल तर तरंग्यावर चालणारा आपोआप पाणी भरणारा छोटा पंप बसवा. चिलरच्या किमतीपुढे तो अगदीच स्वस्त आहे आणि या प्राण्यासाठी चिलरइतकाच उपयोगी आहे. उन्हाळ्यात वीज गेली की गरम पाण्यात प्राणवायू झपाट्याने घटतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंपही घरात असू द्या.

आता खाण्याबद्दल. मासळीबाजारातून ताजी कोळंबी, माकूळ किंवा तिसऱ्या आणा. मीठ-हळद लावलेले काहीही चालणार नाही. आरओच्या पाण्याने धुऊन, नखाएवढे तुकडे करून ते फ्रीझरमध्ये ठेवा आणि लागेल तसे वितळवून घ्या. चॉकलेट चिपला आठवड्यातून दोन-तीन वेळा एक तुकडा पुरतो. लांब चिमट्याने तो त्याच्या एका बाहूच्या टोकाखाली सरकवा. नलिकापाद तो तुकडा हातोहात मधोमध असलेल्या तोंडाकडे नेतात, मग प्राणी पाठ उंचावून कमान करतो आणि जठर बाहेर काढून तुकड्यावर पसरतो. या अवस्थेत त्याला अजिबात हलवू नका. तुमचे शंखवासी खेकडे तुकडा हिसकावायला येतील, तेव्हा त्याच्यावर छिद्रे पाडलेली प्लास्टिकची वाटी उपडी घालून ठेवली तर निवांतपणे खातो. काही तासांनी वाटी काढा आणि उरलेले चोथे उचलून टाका. सर्पताऱ्याला एवढी उस्तवार लागत नाही. रात्री दिवे बंद केल्यावर त्याच्या कपारीपाशी बुडणारे दोन दाणे किंवा कोळंबीचा लहान तुकडा टाकला की पुरे.

खरेदीच्या वेळी दुकानदाराला प्राण्याला तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा. नंतर पाण्याच्या आतच त्याला उलटा करायला लावा. सशक्त तारामासा बाहूंची टोके वळवून काही मिनिटांत स्वतःच सुलटा होतो. जो तसाच पडून राहतो, ज्याचे बाहू मऊ पडून लोंबतात किंवा ज्याच्या पाठीवर पांढरट खड्डा दिसतो, तो कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नका. सर्पताऱ्याचा एखादा बाहू टोकाला तुटलेला असेल तर त्याची चिंता नको, तो पुन्हा वाढतो. पण मधली चकती अखंड असायला हवी. निवडलेला प्राणी दुकानातच आठवडाभर राहू द्या, बयाणा देऊन ठेवा, आणि तोवर खात-फिरत राहिला तरच घरी आणा.